स्टीअरिंग जड झालं, गेलं नाही

धावत्या गाडीत समोर स्टीअरिंगचा दिवा लागतो, हातातलं चाक एकदम जड होतं आणि चालकाचा धीर सुटतो. त्याला वाटतं, स्टीअरिंगच गेलं. पण इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या बहुतेक गाड्यांत हातातलं चाक आणि रस्त्यावरची चाकं यांना जोडणारा लोखंडी दुवा शाबूत असतो. गेलेली असते ती मोटरची मदत, आणि पुष्कळदा ती यंत्रणेने स्वतःहून काढून घेतलेली असते.

कारण मदत न मिळण्यापेक्षा चुकीची मदत घातक. चालक सरळ जाऊ पाहतोय आणि मोटर गाडी डावीकडे ओढतेय, असं कधीही घडता कामा नये. स्टीअरिंगच्या दांड्यात पीळ खाणारी एक बारीक सळई असते. ती किती पिळली, त्यावरून चालकाचा जोर सेन्सरला कळतो. अनेक गाड्यांत तो हीच गोष्ट दोन तारांवरून सांगतो: एकीवरचं व्होल्टेज चढलं की दुसरीवरचं तेवढंच उतरतं. म्हणजे दोन्हींची बेरीज कायम तीच राहते. ती बिघडली की कंट्रोल युनिट त्या सेन्सरवर विसंबत नाही, रिले उघडून मोटरचा पुरवठा तोडतं. कित्येक रचनांत मोटरची वेटोळीही अलग केली जातात, कारण शॉर्ट झालेली मोटर फिरवू गेलं तर तीच ब्रेकसारखी अडते.

उष्णतेच्या बाबतीत मात्र असा तडकाफडकी निर्णय नसतो. अरुंद जागेत गाडी लावताना चाक टोकापर्यंत वळवून तिथेच दाबून धरलं, तर मोटर जागची हलत नाही, पण प्रवाह ओढत राहते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणून युनिट प्रवाह हळूहळू कमी करतं. स्टीअरिंग जड होत जातं, थोडा वेळ सोडलं की पुन्हा हलकं होतं. तो बिघाड नव्हे.

मदत अचानक गेली तर काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. २०१० मध्ये जनरल मोटर्सने शेवरोले कोबाल्टसह सुमारे १३ लाख गाड्या याच तक्रारीसाठी परत बोलावल्या. या गाड्या तशाही वळवता येत होत्या, फक्त कमी वेगात जास्त जोर लागत होता. तरीही १४ अपघातांची नोंद झाली होती.

म्हणून माझं म्हणणं ड्रायव्हिंग स्कूलांना आहे. शिकाऊ चालकाला मोकळ्या मैदानात, उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून किल्ली 'ऑन' करून एकदा चाक फिरवायला लावा. बहुतेक गाड्यांत तेव्हा मोटर मदत करत नाही. तो जडपणा हातांना एकदा कळू दे. मग सांगा: रस्त्यावर असं झालं तर चाक दोन्ही हातांनी धरायचं, वेग उतरवायचा, गाडी कडेला घ्यायची, आणि ती पूर्ण थांबेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. किल्ली निघाली तर स्टीअरिंगला कुलूप बसू शकतं, आणि मग ते खरोखरच जातं.