लिफ्ट बंद आणि आत्याबाई



या खेपेला पेरणी, पापड-कुरडया सगळं बाजूला ठेवते आणि आमच्या घरातलंच सांगते. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. गेल्या साली आषाढात गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन मुंबईला झालं. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला न्यावं लागतं. एस.टी.त इतका वेळ बसवत नाही, म्हणून आगगाडी.

पहिल्या खेपेला जंक्शनवर पोचलो तर गाडी तीन नंबरला. लिफ्टपाशी गेलो, तर भोवती पत्रे ठोकलेले आणि वर पाटी : लिफ्ट बदलण्याचे काम सुरू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. गाडीला वीस मिनिटं. जिना समोर उभा. दोघा माणसांनी पैसे ठरवले, आत्याबाईंना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. मधल्या टप्प्यावर खुर्ची कलली, तशी एकाने त्यांना कमरेत धरलं. पदर सुटला, डोक्यावरून खाली आला. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. घाट उतरून गाडी खाली येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सुनबाई, पुढच्या खेपेला मला नेऊ नका. जेवढं चालतंय तेवढं पुरे.”

मला वाटतं, अशी कितीतरी म्हातारी माणसं घरी बसली असतील. दुखणं सोसवतं, पण पोत्यासारखं उचलून नेणं सोसवत नाही. मुंबईच्या विराली मोदी यांना व्हीलचेअरशिवाय हिंडता येत नाही. गाडीत चढवताना हमालांचे हात कसे नको तिथे लागले, हे त्यांनी २०१७ साली उघड बोलून दाखवलं. हजारो लोकांनी त्यांच्या मागणीवर सह्या केल्या, आणि केरळात एर्नाकुलम स्टेशनावर घडीचे उतार आणि व्हीलचेअरची सोय झाली. बोलल्याने होतं ते असं. आमच्या आत्याबाई बोलल्या नाहीत, एवढाच फरक.

आता लिफ्ट बदलायला इतके दिवस का लागतात, हे मी आमच्या भाच्याला विचारलं. तो असल्या कामावर आहे. तो म्हणाला, मामी, ती कप्पीच आहे. दोराच्या एका टोकाला माणसं बसायची पेटी, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन. ते वजन पेटी आणि तिच्या निम्म्या भाराइतकं धरतात, म्हणजे मोटारीला सगळा भार न ओढता फरकाचाच ओढावा लागतो. जुनी लिफ्ट काढायची म्हणजे दोर, पेटी, वजन, रूळ, दरवाजे सगळं उतरवायचं. मग त्या उभ्या खड्ड्याच्या मापाची नवी बनवून आणायची, बसवायची, भार घालून तपासायची. चार दिवसांचं काम नव्हे.

ते पटलं. जुनी लिफ्ट मध्येच अडकण्यापेक्षा नवी आलेली बरी. पण आपल्याकडे ओढ्यावरचा पूल पाडायचा तर आधी बाजूने मुरूम टाकून वळण काढतात, की बैलगाडी अडू नये. लिफ्ट काढली तेव्हा वळण कुठं होतं? माझी तक्रार एवढीच आहे.

आणि गंमत म्हणजे वळण असतं, पाटीवर लिहिलेलं नसतं. बऱ्याच मोठ्या स्टेशनांत फलाटाच्या अगदी टोकाला उतार असतो आणि रुळांमधून सपाट वाट काढलेली असते. सामानाच्या ढकलगाड्या तिथूनच जातात. रेल्वेचा माणूस बरोबर असला की व्हीलचेअर तिथून नेता येते. आपण आपल्या मनाने मात्र कधीही रूळ ओलांडायचे नाहीत. जिवाचा धोका आहे, शिवाय १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो. आदल्या दिवशी यांनी १३९ वर फोन करून गाडी कुठल्या फलाटाला लागते ते विचारलं. रेल्वेची चौकशी, मदत, तक्रार सगळं त्याच नंबरावर होतं. गाडीच्या तासभर आधी स्टेशनात पोचलो आणि हे थेट स्टेशन मास्तरांच्या खोलीत गेले. व्हीलचेअर मिळाली. तिचं भाडं नसतं, ढकलणाऱ्याची हमाली तेवढी द्यावी लागते, आणि तिचा दर फलकावर लिहिलेला असतो. तो वाचूनच पैसे काढा. मास्तरांनी बरोबर एक माणूस दिला, आणि आत्याबाई पदर सावरून, मांडीवर पिशवी घेऊन, पाटलिणीसारख्या टोकाच्या वाटेने तीन नंबरला गेल्या.

दुसरा धडा उतरण्याचा. आधी आम्ही जवळ पडतं म्हणून दादरला उतरलो होतो. तिथं गाड्या आरपार जातात, म्हणून बाहेर पडायला पूल आलाच. या वेळी बोरीबंदरचं तिकीट काढलं, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिथं रूळ संपतात आणि सगळे फलाट टोकाला एकाच अंगणात येऊन मिळतात. चालायला लांब, पण जिना एकही नाही. टॅक्सीला थोडे जास्त पडले. ते मी हिशेबात धरत नाही.

डब्यात चढणं ही आणखी एक कटकट. आपल्याकडे फलाट तीन उंचीचे. उंच फलाट ७६० ते ८४० मिलिमीटर, मधला ४५५, आणि काही ठिकाणी रुळाच्या बरोबरीने. डबा उंच फलाटापेक्षाही वरच असतो, म्हणून पाट किंवा स्टूल मागून घ्या. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायांसाठी खालच्या जागा राखलेल्या असतात. तिकीट काढताना वय बरोबर लिहा. बऱ्याच गाड्यांना टोकाशी दिव्यांगांसाठी रुंद दाराचा डबा असतो, पण त्याला सवलतीचा दाखला लागतो. म्हाताऱ्या माणसांची तिकिटातली सवलत मात्र २० मार्च २०२० पासून बंद झाली, तिच्या भरवशावर पैसे कमी नेऊ नका.

कायदा आपल्या बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. स्टेशनं आणि गाड्या सर्वांना वापरता येतील अशा करायच्या, हे त्यात आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सोयींचे नियम नुसते सल्ल्यासारखे नकोत, किमान सोयी सक्तीच्या करा. इंग्लंडात लिफ्ट बंद पडली तर चालता न येणाऱ्या प्रवाशाला रेल्वे कंपनीने जादा पैसे न घेता टॅक्सीने सोयीच्या स्टेशनात पोचवायचं असतं. आपल्याकडे टॅक्सी राहू द्या, त्या पत्र्यावरच्या पाटीत आणखी एक ओळ लिहिली तरी पुष्कळ झालं : व्हीलचेअरसाठी स्टेशन मास्तरांना भेटा, टोकाच्या वाटेने नेले जाईल. ही ओळ लिहावी असा अर्ज यांनी तिथं दिला आहे. आत्याबाईंनी त्यावर अंगठा न देता मोडकीतोडकी सही केली.

पुढची तारीख ज्येष्ठात आहे. काल भाकरी करताना त्यांनीच विचारलं, “बोरीबंदरचंच तिकीट काढलंय ना गं?”