चोवीस आठवड्यांचे अंतर

नको असलेल्या गर्भापासून सुटका मागण्यासाठी न्यायासनापुढे आलेल्या स्त्रीला ‘मूल जन्माला येऊ द्या, दत्तक घेणाऱ्यांची रांग लागलेली आहे’ अशा आशयाचा सल्ला देण्याची रीत आपल्या देशात हळूहळू रूढ होऊ लागली आहे. २०२२ च्या जुलै महिन्यात दिल्लीच्या उच्च न्यायालयात एका पंचवीस वर्षांच्या अविवाहित तरुणीला असेच सुचविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने मध्ये पडून तिला परवानगी दिली आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालपत्रात विवाहित व अविवाहित स्त्रियांत या बाबतीत भेद करता येणार नाही असे बजावले. तरीही त्या सल्ल्याची मोहिनी ओसरली नाही. जून २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अठ्ठावीस आठवड्यांची गर्भवती असलेल्या पंधरा वर्षांच्या अत्याचारपीडित मुलीला परवानगी नाकारली. मूल वाटल्यास अनाथालयाकडे सोपविण्यास ती मोकळी आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात दोन मुलांची आई असलेल्या सत्तावीस वर्षांच्या विवाहितेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. तेथेही प्रसूतीचा खर्च सरकारने करावा आणि मूल दत्तक द्यावयाचे की नाही हे आईबापांनी ठरवावे, अशीच त्याची अखेर झाली.

या सल्ल्यामागील सद्‌भावनेविषयी आम्हांस शंका नाही. एकीकडे नकोसे मूल आणि दुसरीकडे मुलासाठी झुरणारे जोडपे, यांची गाठ घालून दिली की दोघांचेही दुःख हलके होईल, असा हा हिशेब आहे. कागदावर तो अचूकही आहे. परंतु या हिशेबात एका व्यक्तीचे नाव घालावयाचे राहून गेले आहे. ती व्यक्ती म्हणजे नऊ महिने ते मूल पोटात वागविणारी स्त्री. दत्तकविधान हा मातृत्वाला पर्याय होऊ शकेल. गर्भारपणाला तो पर्याय कसा होणार? दत्तक देण्यापूर्वी तिला गर्भ वाढवावा लागतो, गावाच्या व घराच्या नजरा झेलाव्या लागतात, प्रसूतीच्या वेणा सोसाव्या लागतात, आणि मग पान्हा फुटलेला असताना रिकाम्या हाताने घरी परतावे लागते. यांपैकी कोणतीही गोष्ट रांगेत उभ्या असलेल्या जोडप्याला तिच्या वतीने करता येत नाही.

ऑक्टोबर २०२३ च्या त्या प्रकरणाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. अंगावर पिणारे मूल असल्यामुळे पाळी बंद होती, म्हणून दिवस गेल्याचे त्या स्त्रीला फार उशिरा कळले. आधीच्या बाळंतपणानंतर जडलेल्या मानसिक व्याधीवर तिचे उपचार चालू होते. ९ ऑक्टोबरला द्विसदस्य पीठाने परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी, गर्भ जगण्याच्या अवस्थेला पोचला असल्याचे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी कळविले. ११ तारखेला त्याच पीठातील न्यायमूर्ती हिमा कोहली व न्यायमूर्ती नागरत्ना यांच्यात मतभेद झाला (दोघीही स्त्रिया होत्या, तेव्हा या प्रश्नावर स्त्रियांचे मत एकच असते असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी), आणि १६ तारखेला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या त्रिसदस्य पीठाने परवानगी नाकारली. गर्भाला सव्वीस आठवडे उलटून गेले होते, त्यात गंभीर व्यंग नव्हते आणि आईच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता, ही त्याची कारणे. कायद्याच्या अक्षराला धरून तो निकाल चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. सातव्या महिन्याच्या उंबरठ्यावर असलेला गर्भ आणि सहा आठवड्यांचा गर्भ यांत फरक आहे, तो डॉक्टरांच्या हाताला जाणवतो, आणि त्या हाताचा संकोच हा केवळ जुनाट मनाचा संकोच नव्हे. परंतु हा पेच निर्माण होतो तो उशिरामुळे. उशीर का होतो, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दिल्लीत बसून सापडावयाचे नाही.

त्यासाठी इटियाडोहला जावे लागेल. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर हे धरण आहे. नागपूरच्या वाचकाला ते पावसाळ्यात सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्यामुळे माहीत असते. रविवारी जाऊन छायाचित्रे काढून यावीत, इतकाच बहुतेकांचा त्याच्याशी संबंध. त्याच पाण्यावर खालची धानाची शेते भिजतात, आणि त्या शेतांत गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करतात त्या बाया. त्यांपैकी एखादीची पाळी चुकली आहे अशी कल्पना करा. कडेला पिते मूल असेल तर पहिले दोन-तीन महिने तिला शंकाही यावयाची नाही. शंका आली तरी रोवणीचे दिवस टाकून दवाखान्यात जाणे म्हणजे मजुरी बुडविणे. गावातल्या आशा कार्यकर्तीला सांगावे तर ती चुलत जाऊ निघावयाची. जवळच्या आरोग्य केंद्रात प्रशिक्षित डॉक्टर त्या दिवशी असेलच असे नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून पुढे धाडले, तर गोंदियाचे बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. तेथे पोचल्यावर नवऱ्याची सही आणा असे ऐकावयास मिळण्याचा संभव आहेच. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायदा फक्त तिचीच संमती मागतो, नवऱ्याची नव्हे. पण हे त्या बाईला कोण सांगणार? आणि ती मुलगी अठरा वर्षांच्या आतली असली तर पोलिसांची भीती निराळीच. अल्पवयीन मुलीने विनंती केल्यास तिची ओळख पोलिसांना कळवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या त्याच निकालात म्हटले आहे. पण तो शब्द किती दवाखान्यांच्या दारांपर्यंत पोचला आहे, हे वाचकांनीच आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून पाहावे.

कायद्याने दिलेले चोवीस आठवडे अशा रीतीने संपतात. शहरातील सुशिक्षित स्त्रीला तेवढा अवधी पुरून उरतो, धरणाखालच्या रोवणाऱ्या बाईला तो वाटेतच सरतो. आणि तो सरला की तिच्यापुढे उरतो तो नागपूरच्या खंडपीठाचा रस्ता: वकील, प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय मंडळाची तपासणी, आणखी एक-दोन आठवडे. शेवटी कुणी कनवाळूपणे तिला विचारणार, बाई, इतके दिवस थांबलीसच आहेस, तर आणखी थोडे का थांबत नाहीस?

आपल्या कायद्याविषयी एक गैरसमज येथे दूर करणे प्राप्त आहे. भारतात गर्भपाताला मोकळीक आहे अशी सुशिक्षितांची समजूत असते. वस्तुतः गर्भपात हा आजही मूलतः गुन्हाच आहे. भारतीय दंडविधानाचे ३१२ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ८८ वे कलम होऊन जसेच्या तसे नांदत आहे, आणि त्याखाली खुद्द ती स्त्रीही अपराधी ठरू शकते. शांतिलाल शाह समितीने १९६६ साली अहवाल दिला, त्यावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला, व १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. त्याने त्या गुन्ह्याला काही अपवाद तेवढे केले. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे मानले, वीस ते चोवीसच्या दरम्यान ठरावीक वर्गांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत मागितले, आणि चोवीसच्या पुढे गंभीर व्यंगापुरता निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपविला. म्हणजे किल्ली प्रत्येक वेळी डॉक्टरच्या हाती आहे. जेथे डॉक्टरच नाही तेथे अपवादही नाही. परिणाम ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मोजला आहे. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतील जवळजवळ तीन-चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. त्या गोळ्याही महाराष्ट्रात औषधविक्रेते ठेवण्यास कचरतात. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा आपल्या राज्याने १९८८ साली सर्वांआधी केला, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु मुलीचे गर्भ पाडणाऱ्यांना धरावयास निघालेल्या यंत्रणेने प्रत्येक गर्भपाताकडेच संशयाने पाहावे, हे त्या कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. नवव्या आठवड्याच्या आत घेण्याच्या गोळीचा लिंगनिदानाशी संबंध तो काय?

दत्तकाचे गोडवे गाणारे लोक महाराष्ट्रात बहुधा जोतिराव फुल्यांचा दाखला देतात. तो अवश्य द्यावा, पण पुरता द्यावा. १८६२ मध्ये दंडविधान अमलात आले आणि गर्भपात गुन्हा ठरला. पुढल्याच वर्षी काशीबाई नावाच्या विधवा ब्राह्मण स्त्रीने नवजात मुलाचा जीव घेतला म्हणून तिला जन्मठेपेने अंदमानला धाडण्यात आले. जिने फसविले गेल्याची किंमत दिली ती काळ्या पाण्यावर गेली आणि फसविणारा पुण्यातच राहिला. या प्रकाराने व्यथित होऊन १८६३ साली जोतिराव व सावित्रीबाई यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि विधवांनी येथे गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे अशी पत्रके लावली. मूल बरोबर न्यावे की ठेवून जावे हे त्या स्त्रीच्याच खुषीवर राहील, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. पस्तीस ब्राह्मण विधवा तेथे बाळंत झाल्याचे जोतिरावांनी पुढे लिहून ठेवले आहे. तेथेच जन्मलेल्या एका मुलाला त्या दांपत्याने पोटाशी धरले, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८७५ साली पंढरपुरातही असाच आश्रम उभा राहिला. या थोर कार्याचे मर्म ‘खुषी’ या शब्दात आहे. कायद्याने सर्व दारे बंद केलेल्या स्त्रीसाठी फुल्यांनी एक दार उघडले. आज त्यांचेच नाव घेऊन उघडे असलेले दार लावून घेण्याचा युक्तिवाद करणे, हे त्या दांपत्याच्या स्मृतीला शोभणारे नाही.

गर्भपात बंद आणि दत्तक मुक्त, असा प्रयोग एका देशाने करून पाहिला आहे. आयर्लंडमध्ये अविवाहित गर्भवतींना ‘माता व बालक गृहां’त ठेवीत, आणि पुष्कळांची मुले दत्तक दिली जात, त्यांतील कित्येक समुद्रापार अमेरिकेत. आईची संमती कागदावर असे, पण ‘नाही’ म्हणण्याची सोय नसलेल्या बाईच्या संमतीला अर्थ तो काय? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी चौकशीत अशा अठरा संस्थांत मिळून सुमारे नऊ हजार मुले दगावल्याचे निघाले. आणि त्याच देशात ऑक्टोबर २०१२ मध्ये आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार ही एकतीस वर्षांची दंतवैद्य, गर्भ वाचणार नाही हे ठाऊक असूनही त्याचे ठोके चालू आहेत म्हणून उपचाराविना थांबवून ठेवल्यामुळे, गॉलवेच्या रुग्णालयात मरण पावली. तिला तर मूल हवे होते. २०१८ च्या सार्वमताने आयर्लंडने ती बंदी उठविली. बेळगावच्या मुलीच्या मृत्यूने एका दूरच्या देशाचा डोळा उघडला, आणि आपण मात्र त्याच वाटेकडे वळण्याच्या गोष्टी करतो आहोत.

आता त्या बहुचर्चित रांगेविषयी. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची संख्या तीस हजारांच्या वर गेली, वर्षाला सुमारे चार हजार दत्तकविधाने होतात आणि जोडप्यांना तीन-साडेतीन वर्षे वाट पाहावी लागते, हे खरे आहे. पण ही रांग आहे ती तान्ह्या, निरोगी मुलासाठी. संस्थांमधून जी मुले आज कुटुंबाची वाट पाहत आहेत ती वाढलेली आहेत, भावंडांसह आहेत, किंवा एखादे व्यंग घेऊन आलेली आहेत. त्यांच्यापुढे रांग नाही. ज्यांना दत्तकाचा खरोखर कळवळा आहे त्यांनी आपले वक्तृत्व या मुलांसाठी खर्च करावे. संस्थांत राहणारी कित्येक मुले कागदपत्रे अपुरी असल्याने दत्तकासाठी ‘मोकळी’च होत नाहीत. त्यांची प्रकरणे बालकल्याण समित्यांनी हातावेगळी केली, तरी रांग बरीच पुढे सरकेल. त्यासाठी कुणा पंधरा वर्षांच्या मुलीला बाळंतपणाला बसविण्याची गरज नाही.

दत्तक देण्याचा मार्ग कुणी स्वतःहून पत्करला तर त्याचा सन्मान झालाच पाहिजे. मुंबईच्या चौदा वर्षांच्या मुलीचे एप्रिल २०२४ चे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. वैद्यकीय मंडळाने आधी अनुकूल मत दिले, मग मुलीला पुन्हा न तपासताच ते फिरविले. उच्च न्यायालयाने त्यावर विसंबून नकार दिला. २२ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने शीवच्या रुग्णालयात गर्भपात करण्याची परवानगी दिली. तोवर जवळजवळ तीस आठवडे झाले होते. मुलीच्या जिवाच्या काळजीने आईबापांनी विचार बदलला, प्रसूती होऊ द्यावी व मूल दत्तक द्यावे असे त्यांनी कळविले, आणि २९ एप्रिलला न्यायालयाने आपलाच आदेश मागे घेऊन सर्व खर्च व दत्तकाची व्यवस्था राज्य सरकारवर सोपविली. वरवर पाहता हे दोन आदेश परस्परविरोधी आहेत. आमच्या मते ते एकाच तत्त्वावर उभे आहेत, आणि ते म्हणजे जिच्या देहात गर्भ आहे तिची संमती. मात्र पोलिसांत फिर्याद झाली तेव्हाच, मार्चमध्ये, निर्णय झाला असता तर त्या कुटुंबावर असा फेरविचार करण्याची पाळी आली असती काय?

म्हणून राज्य सरकारकडे आमचे मागणे न्यायालयांच्या औदार्याविषयी नसून पहिल्या नऊ आठवड्यांविषयी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भपाताच्या गोळ्या देण्यास प्रशिक्षित डॉक्टर असावा. तो रजेवर गेला तर बदली माणूस असावा. नवऱ्याची सही मागणाऱ्या दवाखान्याला जाब विचारला जावा. कायदेशीर गोळ्या ठेवणाऱ्या औषधविक्रेत्याला गुन्हेगारासारखे वागविण्याचे थांबावे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय मंडळाने ठरावीक दिवसांत मत द्यावे, आणि त्यासाठी रुग्णेला तपासावे, केवळ तिचे कागद नव्हे. मूल सोपवू इच्छिणाऱ्या आईला कायद्याने फेरविचारासाठी साठ दिवस दिले आहेत. त्या साठ दिवसांत तिच्याशी बोलावयास, उपदेश न करणारी एखादी समंजस समाजकार्यकर्ती तिच्या गावापर्यंत जावी.

यांतील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा करावयास नको. हिवाळी अधिवेशनासाठी दरसाल नागपूरला येणाऱ्या मंत्रिमहोदयांपैकी आरोग्यखाते ज्यांच्याकडे असेल त्यांनी एक दिवस अर्जुनी मोरगावला जावे, गाडी दूर उभी करून इटियाडोहच्या एखाद्या गावापासून एसटीने गोंदियाचे स्त्री रुग्णालय गाठावे, आणि किती वाजले ते पाहावे.