‘प्रेम आहे, पण…’

आमच्या समाजात आईबापांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते. दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या आवारात, लालबाग-परळच्या चाळींत क्रूसापुढची प्रार्थना आटोपल्यावर, गिरगावच्या खोताच्या वाडीतील व्हरांड्यांत ते हलक्या आवाजात उच्चारले जाते: ‘आमचे मुलावर प्रेम आहे, पण…’ त्या ‘पण’च्या पुढे कुणी जात नाही. ऐकणाराही समजूतदारपणे मान हलवतो आणि विषय बँडऱ्याच्या जत्रेकडे वळतो. या ‘पण’विषयी आम्हांस आज चार शब्द बोलायचे आहेत. ते कुणाला कडू लागले, तर आमचा नाइलाज आहे.

मुलगा समलिंगी आहे, मुलीला पुरुषाविषयी ओढ नाही, हे ज्या घरात कळते त्या घराविषयी आम्ही बोलत आहोत. अशी घरे आपल्या धर्मग्रामात नाहीत, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ती आहेत. फक्त त्या घरातला मुलगा ‘दुबईला असतो, त्याला रजाच मिळत नाही.’ नाताळच्या कौटुंबिक छायाचित्रात त्याची जागा भरून काढलेली असते आणि आई दर बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला त्याच्यासाठी मेणाची प्रतिकृती वाहते. आईच्या श्रद्धेची थट्टा करण्याचे आमच्या मनातही नाही. पण ती मागते काय? आहे तो मुलगा नेऊन तिला हवा होता तो मुलगा दे, हेच ना? मग हे प्रेम नेमके कोणावर आहे?

आपल्या बचावासाठी हे पालक उधळ्या पुत्राच्या दाखल्याचा आधार घेतात. ‘आम्ही त्या पित्यासारखे दार उघडे ठेवले आहे, त्याने परत यावे.’ लूकचा पंधरावा अध्याय पुन्हा एकदा वाचावा, अशी आमची विनंती आहे. त्या मुलाने बापाच्या हयातीतच वाटणी मागितली, दूर देशी जाऊन पैसा उडवला. तुमच्या मुलाने काय उडवले? तो तर घरातच होता. तुमच्याशी खोटे बोलणे असह्य झाले म्हणून एके रात्री त्याने खरे काय ते सांगितले. घर सोडून गेला असेल तर त्यानंतर, आणि तेही बहुधा तुमच्या सांगण्यावरून.

त्यापेक्षा त्याच शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आम्हांस अधिक जवळचा वाटतो. बारा वर्षांचा मुलगा तीन दिवस सापडत नाही. मंदिरात सापडतो तेव्हा त्याचे उत्तर मरिया आणि योसेफ या दोघांनाही कळत नाही. कळले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. तरीही ते त्याला घेऊन नाझरेथला घरी येतात आणि आई ते सारे मनात जपून ठेवते. न कळलेले मूलही घरीच न्यायचे असते, हे पवित्र कुटुंबाला ठाऊक होते.

आता कुणी धर्मशिक्षणाकडे बोट दाखवील. ख्रिस्तसभा समलिंगी संबंधांना मान्यता देत नाही, हे आम्ही लपवीत नाही. पण त्याच धर्मशिक्षणग्रंथाच्या 2358 व्या परिच्छेदात अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकार करावा आणि त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभावाची खूणही दिसू नये, अशी आज्ञा आहे. 2357 तोंडपाठ असलेल्यांना पुढच्याच आकड्याचे विस्मरण कसे होते? डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 पुन्हा लागू केले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशिअस यांनी अशा विवाहांना असलेला विरोध कायम ठेवूनही या माणसांना ख्रिस्तसभा गुन्हेगार मानत नाही, असे जाहीरपणे सांगितले होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 26 जानेवारी 2022 रोजी संत योसेफावरील प्रवचनमालेत अशाच आईबापांची आठवण काढली होती. त्यांनी मुलांना साथ द्यावी, निषेधाच्या आडोशाला लपू नये, हा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आमच्या धर्मग्रामांतील किती पालकसभांत त्याचा उच्चार झाला?

याहून मोठा अपराध लग्नाचा. ‘दोनाचे चार हात झाले की सारे ठीक होईल’ हा आपल्याकडचा रामबाण उपाय. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलिंगी आकर्षण आजारांच्या यादीतून काढले. ते बदलण्याचा ‘उपचार’ करणे हे डॉक्टराचे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये जाहीर केले. डॉक्टराला जे करण्यास मनाई आहे, ते आपण वधूकडून करवून घेऊ पाहतो. ती वधू कुणाची? बहुधा त्याच चर्चमध्ये आपल्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या कुटुंबाची. धर्मकायद्याचा 1098 वा नियम सांगतो की, वैवाहिक जीवन गंभीरपणे विस्कटू शकेल असा जोडीदाराचा गुण संमती मिळवण्यासाठी कपटाने लपवला, तर तो विवाहच वैध नसतो. म्हणजे वेदीपुढे उभे राहून, धर्मगुरूंच्या साक्षीने, आपण जे ‘ठीक’ करतो, तो संस्कारच नसण्याचा संभव असतो. ज्यांना ख्रिस्तसभेच्या शिकवणीचा एवढा कळवळा आहे, त्यांनी या नियमाचाही थोडा कळवळा बाळगावा.

आईबापांनी करावे तरी काय, असा प्रश्न आम्हांस विचारला जातो. केलेल्यांची उदाहरणे दूर शोधायला नकोत. फेब्रुवारी 1989 मध्ये गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाला रक्तात एचआयव्हीचे विषाणू सापडले म्हणून पोलिसांनी नेले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग आरोग्यधामात 64 दिवस डांबून ठेवले. तेव्हाच्या कायद्याने ते शक्य होते. त्या काळात या रोगाच्या नावानेच शेजारी पाठ फिरवीत. अशा वेळी त्याच्या आईने, लूसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे सरकारविरुद्ध दावा लावला. मुंबईचे वकील आनंद ग्रोव्हर तिच्या बाजूने उभे राहिले. न्यायालयाने अखेर विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली, पण तोवर मुलगा घरी परतला होता. 1992 मध्ये त्याचे निधन झाले. (आजार आणि वृत्ती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. आम्ही हे उदाहरण देतो ते आईसाठी.) कायद्याच्या पुस्तकांत तो खटला ‘लूसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य’ असाच छापलेला आहे. मुलाचे नाव घेण्याची जगाला लाज वाटत होती, तेव्हा या ख्रिस्ती मातेने स्वतःचे नाव पुढे केले.

दुसरे उदाहरण तर दादरच्या रंगभूमीचेच. छबिलदासच्या प्रायोगिक नाटकांच्या पिढीतल्या रंगकर्मी आणि ‘माती माय’ चित्रपटाच्या दिग्दर्शिका चित्रा पालेकर. त्यांची मुलगी समलिंगी आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालाविरुद्ध अपिले झाली, तेव्हा देशभरातील 19 आईबाप आपल्या मुलांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात गेले. चित्राताई त्यांपैकी एक. त्यांचे म्हणणे साधे होते: हा कायदा आमच्या घरात शिरतो आणि आमच्या लेकरांना गुन्हेगार ठरवतो. 2013 मध्ये ते हरले. 6 सप्टेंबर 2018 रोजी, सज्ञान व्यक्तींच्या संमतीने झालेल्या संबंधांपुरते ते कलम रद्द झाले. दरम्यानच्या वर्षांत या आईबापांनी सभा घेतल्या, वर्तमानपत्रांतून नावानिशी लिहिले, अनोळखी पालकांशी ते तासन् तास बोलले. 2017 मध्ये मुंबईत ‘स्वीकार’ हा पालकांचा गट उभा राहिला. आपल्या धर्मग्रामातील किती मातांना त्याचे नाव ठाऊक आहे?

‘हे हिंदू सुशिक्षितांचे थेर, आपल्यात चालायचे नाही,’ असे एक वयोवृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले. लूसी डिसोझा ‘आपल्यात’ नव्हत्या काय? माहीममध्ये वाढलेले वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांना 2014 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ते ‘आपले’ होते. त्यांनी आपले समलिंगी असणे कधीच लपवले नव्हते. परक्याच्या मुलाचा अभिमान बाळगायला आपली हरकत नसते. अडचण येते ती स्वतःच्या दाराशी.

आम्ही कोणत्याही धर्मगुरूंकडे शिकवण बदलून मागत नाही. मागणे एवढेच की, विवाहपूर्व शिबिरे ज्या उत्साहाने भरतात, त्याच उत्साहाने प्रत्येक डीनरीत वर्षातून एकदा अशा मुलांच्या आईबापांसाठी एक संध्याकाळ ठेवावी. तिथे या वाटेने गेलेले पालक बोलावेत, एखादा मानसोपचारतज्ज्ञ असावा, एखादे समजूतदार धर्मगुरू असावेत. दाराशी नावे लिहून घेऊ नयेत. ‘असे काही ठेवले तर येणार कोण?’ असे विचारणाऱ्या कार्यकारिणीने पहिल्या वर्षी दहाच खुर्च्या मांडाव्यात. सभागृहाचे भाडे आम्ही भरू.