पारिजातकाचे गोत्र

पारिजातक कोणाच्या नात्यातला? पांढरे फूल आणि सुवास यांवरून आपण सहज म्हणू, जाई-मोगऱ्याच्या. कार्ल लिनियसलाही तसेच वाटले होते. १७५३ साली त्याने मोगरा आणि पारिजातक एकाच प्रजातीत ठेवले.

पण पारिजातकाची कोवळी फांदी बोटांत फिरवून पाहा. ती तुळशीसारखी, घाणेरीसारखी चौकोनी लागते. आडवा छेद घेतला तर मधल्या वलयाबाहेर, चारही कोपऱ्यांत, वाहिन्यांचे वेगळे जुडगे दिसतात. अंतर्रचनेच्याच आधारे मार्गारेट स्टँट यांनी १९५२ साली पारिजातक घाणेरीच्या कुलात घालावा असे मांडले. साग आणि निर्गुडीही तेव्हा त्याच कुलात मोडत.

पुढे डीएनएची तपासणी झाली. २००० साली ईवा वॉलँडर आणि व्हिक्टर आल्बर्ट यांच्या अभ्यासात पारिजातक पुन्हा जाई-मोगऱ्याच्या कुलात आला. साग आणि निर्गुडी मात्र आज तुळशीच्या कुलात आहेत!

मग खोडाची साक्ष खोटी म्हणायची का? मुळीच नाही. पण कोरड्या जागी वाढणाऱ्या झुडपांत, एकमेकांशी नाते नसले तरी, पाणी वाहणाऱ्या नळ्या अरुंद आणि संख्येने जास्त आढळतात. सारख्या गरजेतून सारखी घडण होते. म्हणून फूल, बी, लाकूड आणि डीएनए अशा सर्वांची साक्ष एकत्र तपासावी लागते.

आपली मुले कुलांची नावे पाठ करतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात. ती नावे कशावरून ठरली, का बदलली, हे मात्र त्यांना कोणी दाखवत नाही. आमच्या मते खरे विज्ञान तेथेच आहे. बारडोलीत उसाला तोटा नाही. उसाच्या छेदात जुडगे विखुरलेले असतात, तर पारिजातकाच्या खोडात वलय असते. हा फरक पाहायला साधे भिंगही पुरते.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, सूक्ष्मदर्शक कपाटात न ठेवता महिन्यातून एक तास तरी मुलांच्या हाती द्यावा. शिक्षकांनी पाते स्वतः चालवावे, पाहू द्यावे मुलांना. आणि पालकहो, अंगणातली छाटलेली फांदी कचऱ्यात टाकण्यापूर्वी शाळेत पाठवा. कोणाची फांदी कोणाच्या नात्यातली, यावर वर्गात थोडा वाद झाला तर आम्हाला आनंदच होईल.