विम्याच्या बाजाराला सरकारी काटा

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘इर्डाई’ने, मार्च २०२४मध्ये ‘बीमा सुगम’ या ऑनलाइन विमा बाजाराचे नियम काढले. सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी एकाच ठिकाणी बघाव्यात, तिथेच घ्याव्यात, दावाही तिथूनच करावा, अशी ही कल्पना. बाजार चालवणारी संस्था ना-नफा, भांडवल विमा कंपन्यांचं, ग्राहकाला शुल्क शून्य आणि वर इर्डाईची नजर. सप्टेंबर २०२५मध्ये संकेतस्थळ सुरू झालं ते माहितीपुरतंच. खरेदी-विक्री टप्प्याटप्प्याने यायची. पण विरोधाला मुहूर्त लागत नाही. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात आरोग्य विम्याचा विषय निघाला की तीन आक्षेप ठरलेले.

पहिला आक्षेप : ‘महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्यांनाच आहे, पाच लाखांपर्यंत. मग विकतचा विमा कशाला?’ योजना मोलाची आहे, यात वाद नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना आज रेशनकार्डाचा रंग बघत नाही. पण ती चालते अंगीकृत रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांनाच. दुखणं यादीबाहेरचं निघालं, किंवा ज्या डॉक्टरांवर भरवसा त्यांच्याकडे योजना नसली, की खिशात हात घालणं आलंच.

दुसरा आक्षेप : ‘आपला एजंट बरा, हाकेला धावतो.’ धावतो, आणि त्याला कुणी हाकलतही नाही; नव्या बाजारात मध्यस्थांनाही जागा आहे. पण आरोग्य पॉलिसी विकताना कायद्याने एका एजंटला आरोग्य विम्याची एक आणि सर्वसाधारण विम्याची एक, एवढ्याच कंपन्यांचं काम करता येतं. तुमच्या आईच्या मधुमेहाला तिसऱ्याच कंपनीची पॉलिसी सोयीची असेल, तर तो ती दाखवणार कुठून? तो प्रामाणिक असेलही. त्याच्या बॅगेत ती पॉलिसीच नाही.

तिसरा आक्षेप दिसायला सर्वांत शहाणा आणि म्हणूनच सर्वांत फसवा : ‘सरकारने लुडबुड करू नये. स्पर्धा होऊ द्या, भाव आपोआप उतरतील.’ भाव उतरेल हो, पण कशाचा? समजा, तीन लाखांच्या दोन पॉलिसी आहेत. स्वस्त पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या १ टक्क्याची, म्हणजे रोज ३,००० रुपयांची मर्यादा आहे. तुम्हाला ६,००० रुपयांची खोली मिळाली, तर वरचे ३,००० भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च हेही त्याच प्रमाणात कापून निम्मे मंजूर होऊ शकतात. हप्त्याच्या आकड्यात यातलं काही दिसत नाही.

कोकणाला तर आणखी एक कात्री आहे. काही कंपन्या शहरांचे ‘झोन’ पाडतात. आई-वडील गावी राहतात म्हणून मुंबईतला चाकरमानी कमी हप्त्याच्या झोनची पॉलिसी काढतो. बायपासची वेळ आली की त्यांना मुंबईला हलवतो, आणि उपचार वरच्या झोनमध्ये झाले म्हणून बिलाचा ठरावीक टक्के वाटा त्याच्याच माथी बसतो. मोठ्या दुखण्याला आंबा घाट चढून कोल्हापूर किंवा थेट मुंबई गाठणाऱ्या जिल्ह्यात ही अट बारीक अक्षरांत राहून कशी चालेल?

तेव्हा माझं म्हणणं असं : माल सारखा असेल तरच भावाची तुलना खरी, आणि सारखा माल कंपन्या आपणहून मांडत नाहीत. सरकारने दुकान थाटू नये. बाजार समितीसारखा काटा मात्र आपल्या हाती ठेवावा. हे आपल्याकडे घडलेलंही आहे. एप्रिल २०२०पासून इर्डाईने ‘आरोग्य संजीवनी’ विकणं कंपन्यांना बंधनकारक केलं. अटी सगळीकडे त्याच, फरक फक्त हप्त्यात. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ला सरकारी विमा बाजाराचं संकेतस्थळ उघडलं आणि पहिल्याच दिवशी कोलमडलं. तरी तो बाजार टिकला, कारण आजारी माणसाला विमा नाकारायला कायद्याने बंदी होती आणि योजनांच्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा प्रती ठरवून दिल्या होत्या. आपल्याकडे प्रस्ताव नाकारण्याची मुभा कंपन्यांना अजून आहे. ती राहिली, तर बाजार धडधाकटांचाच होईल.

म्हणून ‘बीमा सुगम’कडे मागणी नेमकी हवी. ४१५६१२ हा रत्नागिरीचा पिनकोड टाकला की कॅशलेस रुग्णालयं, खोलीभाड्याची मर्यादा आणि झोनची कपात हप्त्याशेजारीच, तेवढ्याच ठळक अक्षरांत दिसली पाहिजे. मागितल्यास पॉलिसीचा गोषवारा स्थानिक भाषेत देण्याचा नियम आहेच. इथे तो न मागता मराठीत यावा. कॅशलेसला एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर द्यावं, असं इर्डाईने २०२४मध्ये बजावलं. ते कोण पाळतं, कोण नाही, हेही रुग्णालयवार जाहीर व्हावं. जी कंपनी हे आकडे झाकेल, तिला या बाजारात गाळा मिळता कामा नये.