आगोटीच्या यादीत ४५६ रुपये

मे महिना अर्धा सरला की महाड-पोलादपूरकडच्या बायकांच्या तोंडी एकच विषय: आगोट भरली का? मिरग लागायच्या आत चार महिन्यांची बेगमी घरात यायला हवी. तांदूळ, नाचणी, कडवे वाल, सुकट, आमसुलं, मिरच्या, खडेमीठ, शेणी, लाकडं. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधून तर पाऊस लागला की बाजाराला उतरणं जिवावर येतं. मुंबईकराने धाडलेले पैसे, वालाचे चार पैसे, करवंदांच्या टोपलीचे दोन, असं जोडत बाई आगोट भरते. त्यामुळे बायकांना बचतीचं महत्त्व पटवून द्यायला कुणी शहरातून आलं की मला हसू येतं. काटकसर आमच्या अंगवळणी पडलेली आहे. साठवायला आम्ही पक्क्या. साठवलेलं कुठे ठेवायचं आणि कुणाच्या नावावर, तिथे मात्र कच्च्या.

२२ जुलै २०२१ ला हा कच्चेपणा उघड्यावर आला. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं. आगोट नुकती भरलेली. पाणी ओसरलं तेव्हा पिंपातले वाल फुगून आंबले होते आणि तांदळात चिखल बसला होता. शेजारच्या एका काकूंनी तांदळाच्या डब्याच्या तळाशी पैसे ठेवले होते. एकमेकींना चिकटलेल्या नोटा त्या पाटावर बसून नखाने सोडवत होत्या. नोटा सुटल्या, पण पासबुकाची शाई पसरून खाते क्रमांकच दिसेना आणि तो दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलेला नव्हता. त्याच पावसात चिपळूणच्या एसटी आगाराचे प्रमुख आगाराची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले होते. पैसा उंचावर हवा हे त्यांनी जाणलं. आमचा पैसा घरातल्या सगळ्यात खालच्या डब्यात!

मग उंचावरची जागा कोणती? पहिली, बचत गट. महिन्याला शंभर रुपये भरायचे आणि अडीनडीला गटातूनच उचलायचे. समजा पाच हजार घेतले, शेकडा दोन रुपये व्याजाने, महिना पाचशे मुद्दल फेडत. पहिल्या महिन्याला व्याज शंभर, मग नव्वद, मग ऐंशी. दहा महिन्यांत एकूण साडेपाचशे. दर काही कमी नाही, पण ते साडेपाचशे गटाच्याच पेटीत पडतात आणि त्यात तुमचाही वाटा असतो. दर आठवड्याला दारात वसुलीला येणाऱ्या फायनान्सवाल्याकडे गेलेलं व्याज परत येत नाही. आणि एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून घेतलं की त्या घराची झोप उडालीच म्हणून समजा.

दुसरी जागा पोस्ट. लाडक्या बहिणीचे दीड हजार २०२४ च्या राखीपौर्णिमेपासून खात्यात येऊ लागले आणि पुष्कळ घरांत ते आले त्याच दिवशी निघतात. सरकारी योजनेवर किराणा बांधू नये, ती कधी बदलेल याचा नेम नाही. त्यातले पाचशे जरी पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत टाकले, तरी भरलेल्या तीस हजारांचे ६.७ टक्के दराने पस्तीस हजार सहाशेच्या वर होतात. ही रक्कम पुराच्या पाण्यात भिजत नाही आणि घरात दिसत नसल्यामुळे कुणी मागतही नाही!

सोन्याचं काय, असं बायका हटकून विचारतात. डिसेंबर १९२७ मध्ये याच महाडात बाबासाहेब आंबेडकरांनी परिषदेला आलेल्या बायकांसमोर दागिन्यांचा विषय काढला होता. कथलाच्या आणि चांदीच्या दागिन्यांचे ढीग अंगावर वागवू नका, घालायचा तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. अस्पृश्यतेची खूण अंगावरून उतरावी हा त्यामागचा मुख्य हेतू. पण त्यातला व्यवहारही खरा आहे. अडचणीत मोडता किंवा गहाण टाकता येईल तोच दागिना बचतीत धरायचा. बेन्टेक्सच्या पाटल्या हौसेला ठीक. सोनं घेतानाही नक्षीपेक्षा घडणावळ बघा, मोडताना ती हाती येत नाही.

आता नावाचं. कोकणातला सातबारा म्हणजे चुलत्या-पुतण्यांची नामावळी. जमीन कसते गावातली बाई, नावं मुंबईकरांची. नुकसानभरपाई आली की सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरायचं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढली आणि नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. त्यानंतर १९९२ मध्ये सरकारनेही पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. ही गोष्ट तलाठ्याकडे जाऊन विचारायला लाजू नका. घरपट्टीच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, तेही ग्रामपंचायतीत बघा.

राहिली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. २००५ ला दासगाव, जुई. २०२१ ला तळिये, केवनाळे. दरडीखाली गेलेल्या या गावांची नावं आपल्याला पाठ आहेत. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांचा, १८ ते ७० वयासाठी. अपघाती मृत्यूला दोन लाख, आणि पूर, दरडीसारखी नैसर्गिक आपत्तीही त्यात धरलेली. जीवनज्योती ४३६ रुपयांचा, पन्नाशीच्या आत घ्यायचा, मृत्यू कशानेही आला तरी दोन लाख. दोन्हींचे मिळून ४५६. कुणाचं माणूस यातून परत येत नाही, पण मागे राहिलेल्या घराला सावकाराच्या दारात जावं लागत नाही.

घोळ तारखेचा आहे. हे पैसे मे अखेरीला खात्यातून आपोआप कापले जातात, आणि नेमकी तेव्हाच आगोटीच्या खरेदीने खाती रिकामी झालेली असतात. खात्यात पैसे नसले की हप्ता जात नाही, विमा बंद पडतो, आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर!

म्हणून यंदा आगोटीची यादी कराल तेव्हा मिरच्यांच्या खाली ४५६ रुपये लिहा आणि ते खात्यातच राहू द्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून आणा आणि हप्ता कापला गेला का ते बघा. त्याच खिडकीवर वारस म्हणून कुणाचं नाव लागलंय तेही विचारा. लग्नाआधीचं खातं असेल तर तिथे अजून वडिलांचं नाव असू शकतं. ते बदलायला एक अर्ज पुरतो.