वारा गावचा, नकाशा कुणाचा?

पवनचक्क्या पावसाचे ढग पळवून लावतात, अशी हूल मागे सातारा-सांगलीकडच्या काही खेड्यांत उठली होती. शहरातल्या शहाण्यांनी तीवर पोटभर हसून घेतले. हसण्यासारखी ती होतीच. शंभरेक मीटर उंचीवरची पाती आभाळभर पसरलेल्या मोसमी ढगांचे काय वाकडे करणार? परंतु ही हूल उठली का, हे कुणी विचारले नाही. डोक्यावर एवढे प्रचंड धूड उभे राहते आणि ते कुणाचे, कशासाठी, हे सांगायला कुणी फिरकत नाही. मग माणूस आपल्या बुद्धीने उत्तर शोधतो. हसे झालेच असेल तर ते न सांगणाऱ्यांचे!

चाळकेवाडी, वनकुसवडे हे साताऱ्याकडचे सडे घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. म्हणून कंपनीला उंच, उघडा माथाच हवा असतो. पण कागद ज्याला ‘पडीक’ म्हणतो त्या सड्यावर गुरे चरतात, पावसाळ्यात पाणी साचते, मुरते आणि खालच्या झऱ्यांतून पाझरते. पात्यांच्या गाड्यांसाठी रस्ता कुठून काढावा, हे गुराख्याइतके कुणाला ठाऊक? त्याला विचारण्याची मात्र सक्ती नाही. पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीसाठी २००६ साली जी अधिसूचना निघाली, तिच्या यादीत पवनचक्की नाहीच. अर्थात तिच्यातली जनसुनावणीही नाही. शहरांत आज माळा लखलखतात. (वारा आषाढात आणि माळा आश्विनात, हा विधात्याचा विनोद वेगळा!)

“लोकांना विचारत बसलात तर एकही चक्की उभी राहायची नाही, इंग्लंडचे पाहा!” असे आम्हांला ऐकवले जाते. पाहू या की! २०१५ साली तेथील सरकारने नियम केला: स्थानिक किंवा वस्तीच्या आराखड्यात जागा दाखवलेली असेल आणि भोवतालच्या लोकांचा पाठिंबा असेल, तरच परवानगी. कानाला किती गोड! पण आराखड्याला वर्षे लागतात, पैसा लागतो. आणि आराखड्यात जागा नसली की तो नकारच ठरे. लोकांचे नाव पुढे करून दाराला कुलूप घातले ते असे. शेजारच्या स्कॉटलंडात हा नियम नव्हता. तेथे चक्क्या उभ्या राहत गेल्या. इंग्लंडातले कुलूप नव्या सरकारने काढले ते २०२४ च्या जुलैत.

आणि याच कुलुपाच्या काळात ब्रिस्टल शहरातल्या लॉरेन्स वेस्टन या बेताच्या ऐपतीच्या वस्तीने स्वतःच्या मालकीची दीडशे मीटर उंच चक्की उभी केली! २०२३ पासून ती फिरते आहे; नफा वस्तीच्या कामी यावा अशी योजना आहे. तेव्हा लोक चक्कीच्या आड येतात हे खरे नव्हे. परक्याची चक्की आणि आपला नुसता होकार, हा सौदा त्यांना रुचत नाही.

“ग्रामसभेच्या हाती दिले तर सरपंचच खाईल,” असे म्हणणारे भेटतात. खाईलही! पण सरपंचाला चावडीवर जाब विचारता येतो; दूरच्या शहरात बसलेल्या भागधारकाला कोणत्या पारावर गाठायचे? २६ जानेवारीची ग्रामसभा अजून पुढे आहे. सडा असलेल्या गावांनी, दलालाची गाडी घाट चढण्यापूर्वीच, आपल्या नकाशावर खुणा कराव्यात: येथे चक्की चालेल, हा झरा, ही गुरांची वाट, येथे हात लावू नये; आणि उत्पन्नात गावाचा वाटा किती, तेही त्याच ठरावात लिहावे.